स्थानबद्धता, उत्तर आयर्लंडमधील

उत्तर आयर्लंडमध्ये ९ ऑगस्ट १९७१ ते ५ डिसेंबर १९७५ या काळात दहशतवादाच्या संशयावरून व्यक्तींना न्यायालयीन चौकशीविना अटकेत ठेवण्याची जी कार्यपद्धती अवलंबिण्यात आली, तिला स्थानबद्धता असे म्हणतात. या काळात एकूण १,९८१ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. त्यांपैकी १,८७४ कॅथलिक-प्रजासत्ताकवादी गटातील, तर १०७ प्रॉटेस्टंट-राजनिष्ठ गटातील होत्या. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या धार्मिक समाजावर संशय केंद्रित करणे कितपत न्याय्य आहे, आणि त्याहीपेक्षा, ते कितपत उपयुक्त आहे, या प्रश्नाचा विचार करताना हे प्रकरण विशेष उद्‌बोधक ठरते. येथील धोका काल्पनिक नव्हता. दहशतवादी संघटनेचा सामाजिक आधार कोणत्या समाजात आहे, हेही उघड होते. असे असूनही हा उपाय फसला. तो का फसला, हा या प्रकरणाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी : १९२० च्या आयर्लंड शासन कायद्यानुसार आयर्लंडची फाळणी होऊन १९२१ मध्ये अल्स्टर प्रांतातील सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड हे स्वतंत्र शासकीय घटक अस्तित्वात आले. ब्रिटनशी संयोग टिकवू इच्छिणारे प्रॉटेस्टंट तेथे बहुसंख्य होते, तर संयुक्त आयर्लंडचा पुरस्कार करणारे कॅथलिक लोकसंख्येच्या एकतृतीयांशाहून काहीसे अधिक होते. येथे धर्म हा केवळ उपासनेचा विषय नव्हता. वस्ती, शाळा, नोकरी, मतदान आणि राजकीय निष्ठा या सर्वांची विभागणी त्याच रेषेने झालेली होती. स्टॉरमाँट येथील विधिमंडळात संघवादी पक्षाची सत्ता १९७२ पर्यंत अखंड राहिली. पोलीस दलातही कॅथलिकांचे प्रमाण अल्प होते.

१९२२ च्या विशेषाधिकार कायद्याने गृहमंत्र्यास चौकशीविना स्थानबद्ध करण्याचे अधिकार दिले. प्रारंभी तात्पुरता असलेला हा कायदा १९३३ मध्ये कायम करण्यात आला. त्यातील अधिकारांचा वापर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या (आयआरए) १९५६–६२ च्या सीमा-मोहिमेत झाला. ही सीमा-मोहीम मोडून काढण्यात स्थानबद्धतेचा वाटा मोठा होता, असा समज संघवादी नेत्यांमध्ये दृढ झाला. तथापि त्या वेळी आयर्लंडच्या प्रजासत्ताकानेही आपल्या हद्दीत स्थानबद्धता लागू केल्याने पळून जाण्यास आश्रयस्थान उरले नव्हते आणि कॅथलिक जनतेतही त्या मोहिमेस फारसा पाठिंबा नव्हता. १९७१ मध्ये या दोन्ही गोष्टी बदललेल्या होत्या.

१९६८ पासून नागरी हक्कांच्या चळवळीने घरवाटप, नोकऱ्या व स्थानिक मताधिकार यांतील भेदभावाविरुद्ध निदर्शने आरंभिली. ऑगस्ट १९६९ मधील भीषण दंगलींनंतर ब्रिटिश सैन्य पाचारण करण्यात आले. प्रारंभी अनेक कॅथलिक वस्त्यांनी संरक्षक म्हणून सैनिकांचे स्वागत केले होते. मात्र जुलै १९७० मध्ये बेलफास्टच्या फॉल्स रोड भागात संचारबंदी पुकारून घरोघर झडत्या घेण्यात आल्या आणि हे संबंध झपाट्याने बिघडले. याच सुमारास आयआरएमध्ये फूट पडून ‘प्रोव्हिजनल’ हा आक्रमक गट प्रबळ झाला. फेब्रुवारी १९७१ मध्ये पहिला ब्रिटिश सैनिक मारला गेला. बाँबस्फोटांची संख्या वाढत गेली. सामान्य नागरिकांना संरक्षण देण्याची जबाबदारी शासनावर होती आणि काही तरी कठोर उपाय योजावा, ही संघवादी जनतेची मागणी भीतीपोटी आलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९७१ चा निर्णय : मार्च १९७१ मध्ये पंतप्रधान झालेल्या ब्रायन फॉकनर यांनी स्थानबद्धतेचा आग्रह धरला. उत्तर आयर्लंडमधील सेनाप्रमुख जनरल सर हॅरी ट्यूझो यांना हा उपाय लष्करी दृष्ट्या अनावश्यक वाटत होता; तरीही एडवर्ड हीथ यांच्या ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली. ९ ऑगस्ट रोजी पहाटे सैन्याने एकाच वेळी शेकडो घरांवर छापे घालून ३४२ जणांना पकडले. या मोहिमेस ‘डिमीट्रिअस’ असे सांकेतिक नाव होते. पकडलेल्यांपैकी शंभरावर व्यक्ती दोन दिवसांतच सोडून द्याव्या लागल्या. याद्या जुन्या होत्या. पूर्वीच्या मोहिमेतील निवृत्त कार्यकर्ते, नागरी हक्क चळवळीतील मंडळी, तसेच केवळ नामसाधर्म्यामुळे वा नातेसंबंधामुळे पकडलेले लोकही त्यांत होते. प्रोव्हिजनल गटाच्या बहुतेक प्रमुखांना आधीच सुगावा लागल्याने ते निसटले.

या पहिल्या मोहिमेत राजनिष्ठ सशस्त्र गटांतील एकाही व्यक्तीस पकडण्यात आले नाही. वास्तविक अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स या राजनिष्ठ संघटनेने १९६६ मध्येच खून पाडले होते व त्याच वर्षी तिच्यावर बंदी आली होती. काही प्रॉटेस्टंटांचाही यादीत समावेश करावा, असे लंडनहून सुचविण्यात आले होते. फॉकनर यांनी ते मानले नाही. या सूचनेचे स्वरूप विचार करण्यासारखे आहे. तीमागे मुख्यतः कारवाई एकतर्फी दिसू नये ही चिंता होती. म्हणजे एका बाजूस धर्म हाच जवळजवळ पुरावा ठरत होता, तर दुसऱ्या बाजूस समतोल दिसावा म्हणून माणसे निवडण्याचा विचार होत होता. विशिष्ट व्यक्तीने काय केले आहे, याविषयी विश्वसनीय माहिती हवी, हा निकष दोहोंतही दुय्यम ठरला. दिखाऊ समतोलासाठी केलेली अटक ही पूर्वग्रहातून केलेल्या अटकेइतकीच निराधार असते.

तात्कालिक परिणाम : पहिल्या काही दिवसांतच वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि सु. ७,००० लोकांना घरे सोडावी लागली. बेलफास्टच्या बॅलिमर्फी भागात ९ ते ११ ऑगस्ट या तीन दिवसांत दहा नागरिक ठार झाले. ते सर्व निर्दोष होते, असा निर्णय मृत्युचौकशी न्यायालयाने मे २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनंतर दिला. १९७१ च्या पहिल्या सात महिन्यांत संघर्षात सु. ३० मृत्यू झाले होते. स्थानबद्धतेनंतरच्या उरलेल्या पाच महिन्यांत ही संख्या सु. १४० पर्यंत गेली. पुढील १९७२ हे वर्ष संपूर्ण संघर्षातील सर्वांत रक्तरंजित ठरले. त्या वर्षी सु. ४८० जणांचा बळी गेला.

सनदशीर मार्गाने जाणाऱ्या राष्ट्रवादी पक्षाने शासनाशी सहकार्य थांबविले. कॅथलिक भाडेकरूंनी घरभाडे व कर न देण्याची चळवळ सुरू केली. ३० जानेवारी १९७२ रोजी लंडनडेरी (डेरी) येथे स्थानबद्धतेच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चावर सैन्याने गोळीबार केला. त्यात तेरा जण ठार झाले व एक जखमी पुढे मरण पावला. न्यायमूर्ती सॅव्हिल यांच्या आयोगाने २०१० मध्ये हा गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली. या घटनांनंतर आयआरएकडे तरुणांचा ओघ लागला. मार्च १९७२ मध्ये स्टॉरमाँट विधिमंडळ स्थगित होऊन लंडनचा थेट अंमल सुरू झाला.

हिंसेची जबाबदारी केवळ शासनाच्या चुकीवर टाकणे मात्र योग्य होणार नाही. २१ जुलै १९७२ रोजी आयआरएने बेलफास्टमध्ये सु. वीस बाँबस्फोट घडवून नऊ जणांचे प्राण घेतले. ते कृत्य करणाऱ्यांनी स्वेच्छेने केले होते. स्थानबद्धतेने दहशतवाद जन्मास घातला नाही. मात्र त्याला मनुष्यबळ व आश्रय मिळवून दिला आणि पोलिसांना माहिती देऊ शकणाऱ्या शेजाऱ्यांना गप्प केले.

तपासावरील परिणाम : सामूहिक संशयामुळे निरपराध व्यक्ती अडकते, हा त्याचा एक दोष, अपराधी सुटतो, हा दुसरा. ४ डिसेंबर १९७१ रोजी बेलफास्टमधील मॅक्गर्क यांच्या मद्यगृहात स्फोट होऊन पंधरा लोक मृत्युमुखी पडले. तेथे येणारे ग्राहक मुख्यतः कॅथलिक होते. आयआरएचाच बाँब वाहतुकीच्या वेळी आत फुटला, असे गृहीतक अधिकाऱ्यांनी त्वरित स्वीकारले व ते प्रसृतही झाले. त्यामुळे मृतांच्या कुटुंबीयांच्या शोकात कलंकाची भर पडली. प्रत्यक्षात स्फोट अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्सने घडविला होता. त्या संघटनेच्या एका सभासदास १९७८ मध्ये शिक्षा झाली. इतर सूत्रधार न्यायालयासमोर आलेच नाहीत. पोलीस तक्रार-निवारण अधिकाऱ्याच्या २०११ च्या अहवालाने या तपासातील पूर्वग्रहावर ठपका ठेवला. राजनिष्ठ गट संघटित दहशतवादी नाहीत, ही समजूत स्थानबद्धतेच्या याद्यांना आधारभूत होती. तीच समजूत येथे तपासाच्याही आड आली. पहिले राजनिष्ठ स्थानबद्ध फेब्रुवारी १९७३ मध्ये पकडले गेले.

कायदेशीर फेरविचार : लॉर्ड डिप्लॉक यांच्या समितीने डिसेंबर १९७२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार ज्यूरीविना, एकाच न्यायाधीशासमोर दहशतवादी गुन्ह्यांचे खटले चालविण्याची पद्धत सुरू झाली. साक्षीदारांवर व ज्यूरींवर येणारी दहशत हे तिचे कारण सांगितले गेले. या पद्धतीवरही पुष्कळ टीका झाली. तथापि आरोप, पुरावा, बचाव व सकारण निकाल या गोष्टी तीत होत्या, ज्या स्थानबद्धतेत नव्हत्या. १९७३ च्या आपत्कालीन तरतुदींच्या कायद्याने १९२२ चा विशेषाधिकार कायदा रद्द झाला. स्थानबद्धता डिसेंबर १९७५ मध्ये संपुष्टात आली.

दरम्यान आयर्लंडच्या शासनाने डिसेंबर १९७१ मध्ये युनायटेड किंग्डमविरुद्ध युरोपीय मानवी हक्क यंत्रणेकडे तक्रार दाखल केली. निवडक चौदा स्थानबद्धांवर भिंतीशी ताटकळत उभे करणे, डोक्यावर टोपडे घालणे, सतत कर्कश आवाज ऐकविणे, झोप न देणे आणि अन्नपाणी तोडणे अशा पाच प्रकारांनी चौकशी करण्यात आली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १८ जानेवारी १९७८ रोजी हे प्रकार अमानुष व मानहानिकारक ठरविले; मात्र त्यांस छळ ही संज्ञा लावण्यास नकार दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये, आजच्या मानदंडांनुसार त्यांची गणना छळातच होईल, असे मत व्यक्त केले.

याच १९७८ च्या निकालात धार्मिक भेदभावाचा प्रश्नही उपस्थित झाला होता. आयआरएचा धोका त्या काळात राजनिष्ठ गटांच्या तुलनेने फार मोठा होता. म्हणून दोन गटांना दिलेली भिन्न वागणूक करारभंग करणारा भेदभाव ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने बहुमताने दिला. आपत्कालीन स्थानबद्धतेचे अधिकारही त्याने अवैध ठरविले नाहीत. या निर्णयाचे महत्त्व दुहेरी आहे. धोक्याचे प्रमाण विषम असेल, तर कारवाईही विषम असू शकते, हे तत्त्व त्याने मान्य केले. पण कायद्याने क्षम्य असलेला उपाय व्यवहारात शहाणपणाचा असतोच असे नाही, हेही या प्रकरणावरून दिसते.

ब्रिटनमधील आयरिश समाज : हाच प्रश्न पुढे इंग्लंडमध्ये उद्‌भवला. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत स्फोट होऊन २१ जण ठार झाले. आठ दिवसांतच दहशतवाद प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्याने ४८ तास आणि गृहमंत्र्याच्या आदेशाने आणखी पाच दिवस अटकेत ठेवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. कायद्याच्या शब्दांत कोणत्याही समाजाचा उल्लेख नव्हता. मात्र बंदरांवर व विमानतळांवर अडविले जाणारे बहुसंख्य प्रवासी आयरिश असत. १९९१ पर्यंत ब्रिटनमध्ये या कायद्याखाली सु. ७,००० व्यक्तींना अटक झाली व त्यांतील फार मोठा भाग आरोप न ठेवताच सुटला. समाजशास्त्रज्ञ पॅडी हिलयार्ड यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात या स्थितीस ‘संशयित समाज’ ही संज्ञा दिली. ती पुढे मुस्लिम समाजाविषयीच्या चर्चेतही रूढ झाली.

बर्मिंगहॅम खटल्यात सहा आणि ऑक्टोबर १९७४ मधील गिल्डफर्ड स्फोटाच्या खटल्यात चार जणांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली. आयआरएच्या एका पकडलेल्या तुकडीने गिल्डफर्डची जबाबदारी १९७७ मध्ये स्वीकारली, तरी आधीची शिक्षा कायम राहिली. गिल्डफर्डचे चौघे १९८९ मध्ये आणि बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मध्ये निर्दोष सुटले. बर्मिंगहॅमच्या खऱ्या अपराध्यांवर दोष कधीच सिद्ध झाला नाही. चुकीच्या माणसांना शिक्षा झाल्याने मृतांच्या कुटुंबीयांना न्याय मिळाला नाही आणि सुरक्षिततेतही भर पडली नाही.

भारतीय संदर्भ : चौकशीविना स्थानबद्ध करण्याचे अधिकार ब्रिटिश साम्राज्यात अनेक ठिकाणी वापरले गेले. मुंबई इलाख्यात १८२७ च्या पंचविसाव्या विनियमाने असे अधिकार दिले होते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर इंग्रजी वृत्तपत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणवर्गाच्या कटाचा संशय बोलून दाखविला. नगरवासीयांच्या खर्चाने जादा पोलीस बसविण्यात आले आणि नातू बंधूंना या विनियमाखाली खटला न चालविता अटकेत ठेवण्यात आले. त्यांची सुटका १८९९ मध्ये झाली. हत्येचा उलगडा मात्र या सामूहिक संशयातून झाला नाही; द्रविड बंधूंनी दिलेल्या विशिष्ट माहितीवरून दामोदर चापेकर यांना पकडण्यात आले. येथे संशयाचा आधार धर्म नसून जात होती, तरी यंत्रणेची विचारपद्धती तीच होती.

अलीकडच्या काळात मालेगावचे उदाहरण लक्षणीय आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथे झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक लोक मरण पावले. मृतांत बहुसंख्य मुस्लिम होते. या प्रकरणी नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला व तिने २०१३ मध्ये वेगळ्याच व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले; २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने मूळ आरोपींना दोषमुक्त केले. २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात आरोपी हिंदू होते. त्या सातही जणांना जुलै २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष ठरविले. आरोपींचा धर्म कोणताही असो, विश्वासार्ह पुरावा नसेल, तर दीर्घ खटल्यानंतरही मृतांचे आप्त उत्तराविना राहतात, हे या दोन खटल्यांवरून दिसते.

मूल्यमापन : या इतिहासावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. धोका ज्या समाजातून येतो त्याच समाजावर नजर ठेवावी, हा पहिला. आयआरएचे सभासद बव्हंशी कॅथलिक होते, हे खरेच. परंतु यावरून बव्हंशी कॅथलिक आयआरएचे सभासद होते, असे सिद्ध होत नाही. दर हजारी दोन-तीन सशस्त्र सभासद धरले, तरी धर्माच्या खुणेने निवडलेल्या हजार जणांत नऊशे सत्त्याण्णव निरपराध असणार. त्यांच्या चौकशीत यंत्रणेचे बळ खर्ची पडते आणि ज्यांच्याकडून उपयुक्त माहिती मिळावयाची, तेच लोक दुरावतात. कोणाची मने दुखावू नयेत म्हणून दहशतवादी संघटनेच्या विचारसरणीचा व सामाजिक आधाराचा उल्लेखच टाळावा, हा दुसरा निष्कर्ष. त्याने सत्य झाकले जाते, भयभीत नागरिकांचा शासनावरील विश्वास उडतो आणि त्या समाजातीलच ज्या व्यक्ती हिंसेला विरोध करीत असतात त्यांनाही बळ मिळत नाही. संघटनेचे स्वरूप स्पष्टपणे सांगणे आणि व्यक्तीवरील कारवाई तिच्या कृत्यांविषयीच्या माहितीवर आधारणे, या दोन गोष्टींत विरोध नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये हा धडा सावकाश गिरविला गेला. संपूर्ण संघर्षात सु. ३,५०० लोक मृत्युमुखी पडले. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर ख्रिस पॅटन यांच्या आयोगाने पोलीस दलाच्या पुनर्रचनेची शिफारस केली. २००१ मध्ये नव्या पोलीस सेवेची स्थापना झाली आणि भरतीत कॅथलिक व इतर यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवण्यात आले. २०११ मध्ये ही तरतूद संपली, तोपर्यंत दलातील कॅथलिकांचे प्रमाण सु. ८ टक्क्यांवरून सु. ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. ज्या समाजाकडे १९७१ मध्ये संशयितांची यादी म्हणून पाहिले गेले, त्याच समाजातील तरुण कायद्याचे रक्षण करणाऱ्या दलात सामील होऊ लागले. दहशतवादी गटांचे अवशेष त्यानंतरही उरले आणि कॅथलिक पोलिसांना त्यांनी मुद्दाम लक्ष्य केले. या हल्ल्यांवरून त्या गटांना या सुधारणेची धास्ती वाटत होती, असे म्हणता येते.